आता 'फुल' कधी?

गोव्याहून परत येऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मग, आता फुल कधी?" सायकलच्या ग्रुपवर विचारला, ऑफिसात एका क्लायंटने विचारला (ह्या माणसाने स्वतःची बॅलन्स शीट चार दिवस उशिरा दिली होती, पण माझ्या पुढच्या शर्यतीची त्याला भलती घाई), आणि परवा लग्नात तर जिलबी वाढणाऱ्या काकूंनीही विचारला. त्यांना फुल म्हणजे काय ते नक्की ठाऊक नव्हतं. पण हाफ झालं की फुल करतात, एवढं त्यांना माहीत होतं.

प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते. उत्तर आहे, नाही. निदान 2026 मध्ये तरी नाही. आणि त्याची कारणं जरा लांबलचक आहेत.

आधी ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, मध्ये न थांबता. मी जी केली ती गोव्याची आयर्नमॅन 70.3, 9 नोव्हेंबर 2025 ला. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर पळायचं. हे सगळं साडेआठ तासांत. 70.3 हा आकडा तिन्ही अंतरांची मैलांमधली बेरीज आहे, त्यात गूढ काही नाही. फुल म्हणजे याच्या दुप्पट.

माझी वेळ 8 तास 10 मिनिटं. पोहायला 58 मिनिटं, सायकलला 3 तास 52 मिनिटं, पळायला 3 तास 6 मिनिटं, आणि उरलेली 14 मिनिटं कपडे, बूट, हेल्मेट आणि डोक्यावर पाणी ओतून घेणं यात गेली. "पळायला" हा शब्द मी मोठ्या मनाने वापरलाय. पहिले नऊ किलोमीटर पळाले. पुढे एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं आणि तिसऱ्यापर्यंत चालायचं, असं चाललं होतं. नोव्हेंबर महिना म्हणायचा फक्त, दुपारी अकराच्या पुढे तिथलं ऊन आणि दमटपणा असा की घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, हे शाळेत शिकलो होतो. तिथे ते अंगावर समजलं. खिशातल्या राजगिऱ्याच्या वड्यांचा लगदा झाला होता. शेवटचे पाच किलोमीटर मी मिठाचं पाणी आणि हट्ट यांवर काढले.

रेषा ओलांडली तेव्हा रडले बिडले नाही. सगळे म्हणतात रडू येतं. मला फक्त बूट काढायचे होते.

आता खरी गोष्ट. नातेवाईक मंडळींपैकी बऱ्याच जणांना ती अर्धवट ठाऊक आहे, आणि अर्धवट ठाऊक असलेल्या गोष्टी आपल्या घराण्यात किती वेगाने फिरतात ते मी सांगायला नको. म्हणून पूर्ण सांगते.

17 ऑगस्टला, रविवारी, मी पहाटे साडेपाचला गगनबावड्याला निघाले. जाऊन येऊन साधारण 110 किलोमीटर. पाऊस लागलेला होताच. फोन दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून सायकलच्या सीटखालच्या बॅगेत, सायलेंटवर. घरी आई, नवरा आणि लेक. लेकीचं दहावीचं वर्ष, तिचा रविवारी सकाळी सातला क्लास असतो. नवरा तिला सोडायला पावणेसातला बाहेर पडला. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात आई बाथरूममध्ये घसरून पडली.

तिला उठता आलं नाही. ती हाका मारत होती, पण पावसात बाहेर कोणाला ऐकू जाणार. शेवटी दूधवाल्याने बेल वाजवली, दार कोणी उघडेना, आतून आवाज येतोय म्हणून त्याने शेजारच्या काकांना उठवलं. तोवर नवराही पोचला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी त्या वेळी कुठे होते? वाटेत कुठेतरी, पावसाचं पाणी तोंडावर घेत, "आज पाय काय छान चाललेत" असा विचार करत. सव्वाआठला गगनबावड्यात चहाच्या टपरीवर थांबले, पिशव्या सोडून फोन काढला. अकरा मिस्ड कॉल. सायकल टपरीवाल्याच्या मागच्या खोलीत ठेवली आणि वडापच्या जीपमधून, ओल्या कपड्यांत, दोन भाजीच्या पाट्या आणि एका कोंबडीच्या शेजारी बसून कोल्हापूरला आले. तो दीड तास मी कधीही विसरणार नाही.

19 तारखेला ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. गणपतीच्या तीन दिवस आधी आई घरी आली. दुसऱ्याच दिवसापासून वॉकर. सुरुवातीला पलंगापासून खिडकीपर्यंत सहा पावलं, आणि त्या सहा पावलांनंतर तिचा चेहरा जसा व्हायचा तसा मी अजून कोणत्याही शर्यतीत कोणाचा झालेला पाहिला नाही.

हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्यांपैकी तिघांनी मला, आणि पाच जणांनी माझ्या पाठीमागे, एकच वाक्य ऐकवलं. "आईला टाकून सायकली हाणत होती म्हणे." (पाठीमागचं कळतं हो. आपल्याकडे सगळं कळतं.)

त्यावर मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

पहिली. माझा दादा पुण्यात असतो, मॅरेथॉन पळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे पदकांसकट फोटो तुम्हीच एकमेकांना पाठवता, मलाही पाठवता. 17 ऑगस्टला सकाळी तोसुद्धा पळत होता, आणि त्याचाही फोन सायलेंटवर होता. नवऱ्याने त्यालाही लावला होता, त्यानेही सात वेळा उचलला नाही. दादाला कोणी विचारलं का, की आईला टाकून पळत काय होतास? उलट "बिचारा धावत आला पुण्याहून" असं झालं. मी पंचावन्न किलोमीटरवरून आले, तो सव्वादोनशेवरून आला. तो बिचारा, मी हाणणारी. दादाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि त्याची बाजू पुढे येईलच. तक्रार या वाक्याबद्दल आहे. आणि आई पडली ती साबणाच्या फेसावरून. मी त्या वेळी घरात झोपलेले असते तरी ती पडलीच असती.

दुसरी गोष्ट. मी घरात असते तर ती पंचवीस मिनिटं थंड फरशीवर पडून राहिली नसती.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी सीए आहे, एका बाजूची नोंद दाखवून दुसरी लपवणं माझ्याने होत नाही. (होतं तसं, पण सही करवत नाही.) म्हणून सीझन संपल्यावर मी एक काम केलं. ग्रुपमधले सगळे आपापल्या घड्याळातून किती किलोमीटर झाले, किती उंची चढली, याचे रंगीत तक्ते काढून टाकत होते. मी कागद घेतला आणि तास लिहिले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून 9 नोव्हेंबरपर्यंत बावीस आठवडे. त्यातले ऑगस्टमधले तीन वजा. राहिले एकोणीस. आठवड्याला सरासरी नऊ तास. म्हणजे 171 तास.

आता प्रश्न असा की हे 171 तास आले कुठून? जमेच्या बाजूला तर मी लिहिले, पण नावे कोणाच्या?

थोडे माझ्या झोपेतून आले, ते माझे मी फेडते. थोडे टीव्ही आणि फोनमधून, ते बरंच झालं. थोडे ऑफिसातून. टॅक्स ऑडिट आणि गोवा ही जोडगोळी म्हणजे माझ्या नशिबाची थट्टा आहे. ऑडिटची तारीख एरवी 30 सप्टेंबर. 2025 मध्ये ती आधी 31 ऑक्टोबर झाली आणि मग 10 नोव्हेंबर. शर्यत 9 ला, ऑडिट 10 ला! अख्ख्या देशातले सीए मुदतवाढ मिळाली म्हणून पेढे वाटत होते, आणि मी कॅलेंडरसमोर बसून हसत होते. शेवटचे दोन रिपोर्ट शनिवारी रात्री पणजीच्या लॉजमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन अपलोड केले. बाकीचे स्पर्धक त्या वेळी पास्ता खाऊन झोपले होते.

पण सगळ्यात मोठा वाटा नवऱ्याचा निघाला. रविवारी क्लासला सोडणं, आणणं, आईचा चहा, आईच्या गोळ्या, बाजार, शनिवारी रात्री स्वयंपाकघर आवरणं, कारण मला साडेनऊला झोपायचं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मी कागदावर आकडा लिहिला आणि त्याला दाखवला, तर म्हणाला, "मी काही मोजत नव्हतो." तो मोजत नव्हता म्हणून मीही मोजलं नाही, आणि याच गोष्टीची मला आता लाज वाटते. आपल्या शर्यतीच्या गोष्टीत आपण नेहमी शेवटी लिहितो ना, "घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हतं," ते वाक्य मला आता वाचवत नाही. घरच्यांचा किती तास पाठिंबा, ते लिहा की.

फुलसाठी किती लागेल, तेही ग्रुपमध्ये विचारून घेतलं. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत आठवड्याला चौदा-पंधरा तास. रविवारी पाच-सहा तासांची सायकल, तीही एकदा दोनदा नाही, दर आठवड्याला.

इथे ग्रुपमधली मंडळी म्हणतील, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. थोडं खरं आहे. आमच्यातले चौघे यंदा नोव्हेंबरमध्ये मलेशियात लंगकावीला जाणार आहेत फुल करायला, आणि त्यांचा उत्साह बघून मी रजिस्ट्रेशनचं पान तीन वेळा उघडलं. तिसऱ्यांदा तर नाव, जन्मतारीख, टीशर्टचा साइझ इथपर्यंत भरलं होतं. भीतीही आहे. 180 किलोमीटर सायकल चालवून उतरायचं आणि मग अख्खी मॅरेथॉन पळायची, या कल्पनेने माझ्या पोटात गोळा येतो. त्यामुळे मी अगदी शांत चित्ताने, वैराग्याने वगैरे नाही म्हणतेय अशातला भाग नाही.

पण हे 'हाफनंतर फुल'चं लग्न कोणी लावलं, ते जरा शोधलं आणि मजा वाटली. फुल आयर्नमॅनचं अंतर आहे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 सायकल, 42.2 पळणं. मला वाटायचं की कोणी शास्त्रज्ञांनी वगैरे बसून माणसाच्या शरीराची परमावधी काढली असेल. तसलं काही नाही! हवाईमध्ये ओआहू बेटावर आधीपासून तीन वेगवेगळ्या शर्यती होत्या, वायकिकीची समुद्रातली पोहण्याची, बेटाला वळसा घालणारी सायकलची आणि होनोलुलू मॅरेथॉन. जलतरणपटू जास्त दमदार की पळणारे की सायकलवाले, असा वाद निघाला. तेव्हा जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने सुचवलं की तिन्ही एकाला एक जोडू आणि बघू. सायकलची शर्यत तर खरी दोन दिवसांची होती. तिचे तीनेक मैल कापले, कारण मग ती बरोबर मॅरेथॉन सुरू होते तिथे संपत होती. फेब्रुवारी 1978 मध्ये पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. सगळे पुरुष. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर नावाची बाई उतरली आणि एकूण सगळ्यांत पाचवी आली. (हे मी लेकीला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने "हो गं, कळलं" म्हटलं.)

म्हणजे हे पवित्र अंतर म्हणजे एका बेटावर त्या काळी जे हाताशी होतं त्याची बेरीज. आपल्या कोल्हापुरात हा वाद झाला असता तर रंकाळ्यात पोहणं, जोतिबापर्यंत सायकल आणि पन्हाळ्याला पायी, असं काहीतरी ठरलं असतं आणि आज लोक अंगावर पन्हाळ्याचा नकाशा गोंदवून फिरले असते. 2000 साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं तेही 1.5, 40 आणि 10 किलोमीटरचं. जगातले सगळ्यात वेगवान लोक ते छोटं अंतर करतात आणि त्यांना कोणी विचारत नाही, "मग आता मोठं कधी?"

हा प्रश्न आपल्याला चांगला ओळखीचा आहे. दहावी झाली, बारावी कधी. बारावी झाली, पुढे काय. नोकरी लागली, लग्न कधी. लग्न झालं, गोड बातमी कधी. एक झालं, दुसरं कधी. मी चाळीशी ओलांडल्यावर पोहायला शिकले ते याच जिन्यावरून खाली उतरायला. राजाराम तलावात पहिल्यांदा पाय टेकत नाही अशा पाण्यात गेले तेव्हा इतकी मोकळी झाले होते, कारण तिथून पुढे काय हे मला कोणी विचारलेलं नव्हतं. आता बघते तर इथेही तोच जिना लावलेला. 5 के, 10 के, हाफ, फुल, अल्ट्रा. पायरीवर जरा टेकलं की मागचा म्हणतो, चला पुढे.

हे सगळं मी एका संध्याकाळी आईला ऐकवलं. शेवटी म्हटलं, "आणि शिवाय तू आहेस. तुझं सगळं बघायचं असतं." ती वॉकर सोडून काठीवर आली होती तेव्हा. मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं बाई. ती म्हणाली, "हे बघ, जायचं नसेल तर जाऊ नको. पण माझ्या नावावर ढकलू नको. मी काय तुझी सुट्टीची चिठ्ठी नाही."

झालं. इतका छान ताळेबंद मांडला होता, ऑडिटरने एका वाक्यात क्वालिफाय केला.

तिचं बरोबर होतं. गोव्याला जाऊ नको असं ती कधीच म्हणाली नव्हती. उलट सप्टेंबरमध्ये मी शर्यत रद्द करायचं मनात आणलं, तेव्हा तिनेच दादाला फोन करून सांगितलं, की त्या आठवड्यात तू इथे यायचं आणि बायकोला घेऊन नाही यायचं, तू एकट्याने मला सांभाळायचं. दादा आला. चार दिवस राहिला. पोहे केले, ते कसे झाले ते विचारू नका. शर्यतीत फोन वापरता येत नाही, त्यामुळे ते आठ तास मला घरची काहीच खबर नव्हती, आणि नवलाची गोष्ट, मी काळजी करत नव्हते. दादा होता ना तिथे. हे इतकं सोपं होतं, तर आधीची चार वर्षं मी त्याला का सांगितलं नाही? त्यालाही का सुचलं नाही? दादा, हे तू वाचशील तेव्हा फोन करू नकोस, सरळ पुढची तारीख कळव.

तर आईचं कारण बाद. मग खरं कारण काय? ते एका रिपोर्टात सापडलं.

आईच्या फ्रॅक्चरनंतर डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालेली आहेत, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचं वय काय? सत्तेचाळीस म्हटल्यावर, तुम्हीही डेक्सा करून घ्या. मी मनात हसले. मी? आठवड्याला नऊ तास व्यायाम करणारी? दिवाळीनंतर सवड मिळाली तेव्हा केली एकदाची. कण्याचा टी स्कोअर उणे 1.9. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 2.5 च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे मी मधल्या पट्ट्यात, आणि आईच्या दिशेने चाललेली.

तेव्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. हाडांना भार लागतो. आदळआपट लागते, वजन लागतं, तरच ती स्वतःला भक्कम ठेवतात. पाण्यात शरीर तरंगतं, सायकलवर ते सीटवर टेकलेलं असतं. हृदयाला आणि फुप्फुसांना दोन्ही उत्तम, हाडांच्या दृष्टीने जवळजवळ आरामखुर्ची. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्यांची हाडं चांगल्या व्यायामपटूंपेक्षा विरळ सापडतात, यावर पुष्कळ अभ्यास झालाय. त्यात बाईची पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन घटलं की हाडांची झीज वाढते. त्यात पोटाला कमी खाऊन जास्त व्यायाम केला तर आणखी भर. आणि मी तर नवरात्राचे उपास धरून चार चार तास सायकल चालवली होती! (साबुदाण्याची खिचडी आहे म्हणून निभावलं. पिष्टमय पदार्थांत तिला तोड नाही, पण साबुदाण्यात प्रथिनं शोधायला दुर्बीण लागेल.)

माझ्या 171 तासांपैकी पळणं जेमतेम चाळीस तास. वजन उचलणं, शून्य. ग्रुपमध्ये सगळे सांगायचे की जिम कर, मी म्हणायची वेळ कुठाय. आणि फुल करायचं तर अजून सायकल, अजून पाणी. म्हणजे ज्या गोष्टीची मला खरी गरज आहे तिला आणखी वेळ नाही, आणि ज्याने माझ्या हाडांना फारसा उपयोग नाही त्याला दुप्पट. बाकी कोणाचं माहीत नाही, त्यांनी जरूर जावं लंगकावीला. मी दिवसभर त्यांचे आकडे बघत बसणार आहे. पण माझ्यापुरतं मला हे आता पटत नाही.

तर 2026 साठी मी जे ठरवलंय ते असं. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, घराजवळच्या जिममध्ये. डिसेंबरात सुरू केलंय. पहिल्या दिवशी नुसता वीस किलोचा दांडा जमिनीवरून उचलायला सांगितला, तर तिथला पोरगा म्हणाला, "काकी, पाठ सरळ." काकी! शेजारी लाल मातीतून आलेला एक पैलवान माझ्या सात पट वजन घेऊन शांतपणे उभा होता. कोल्हापुरात राहून या वयापर्यंत वजन उचललं नाही म्हणजे गंगेकाठी राहून आंघोळ न करण्यासारखं झालं. दिवाळीपर्यंत साठ किलो उचलायचं आहे. त्याला पदक नाही. पुढच्या वर्षी पुन्हा डेक्सा, तोच निकाल.

दुसरं, 200 किलोमीटरची ब्रेवे. साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, पहिला दुसरा नंबर नसतोच. ही नवऱ्याबरोबर करणार. गेल्या चार वर्षांत त्याची सायकल गॅलरीत होती, तिच्यावर टॉवेल वाळत होते. ती काढली, ट्यूब बदलल्या. एक रविवार त्याचा, एक माझा, आणि महिन्यातून एकदा दोघांचा, ज्या दिवशी दादा किंवा मावशी आईजवळ असतील. तो माझ्यापेक्षा हळू चालवतो आणि प्रत्येक टपरीवर थांबतो. मला वैताग येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

गोवा? बहुतेक नाही. ते अर्धवट चाललेले बारा किलोमीटर मला टोचतात, खोटं कशाला बोलू. 2027 ला बघू.

आणि डिसेंबरमध्ये मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते, तिथे लेकीला घेऊन जायचं. तिची दहावी तोवर संपलेली असेल. ती टँकमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी भर्रकन पोहते, पण समुद्रात कधी उतरलेली नाही, तळाशी काळी रेघ नसेल तर सरळ कसं जायचं म्हणते. ते मात्र मला येतं. दर आठ-दहा हातांनी डोकं जरासं वर काढायचं, लांबचं एखादं झाड नाहीतर देऊळ धरायचं, आणि परत खाली.

फोन आता सायलेंटवर नसतो. सीटखालच्या बॅगेतही नसतो, पाठीवरच्या खिशात असतो, ठणाणा वाजतो. परवा जोतिबाच्या चढावर आईचा आला, मी घाबरून सायकल आडवी टाकली. तिला विचारायचं होतं, हरभऱ्याची पिशवी कुठे ठेवलीस.

मालवणला कोणाला यायचं असेल तर दिवाळीपर्यंत सांगा. राहायची सोय आत्याच्या नणंदेकडे होईल, दहा-बारा माणसं सहज मावतात. आत्या, तू तिला अजून विचारलेलं नाहीस ना? विचार.